‘देतो की ओ!’ : बोलीवरचं काम, बैतं आणि कोल्हापूरचा १९१८ सालचा निर्णय

 

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशाला लागून आहे. काम करून दिलंय, समोरच्यानं ‘एक नंबर झालंय भावा’ असं सांगितलंय, आणि पैशाचं विचारलं की उत्तर येतं, ‘देतो की ओ, कुठं पळून चाललोय व्हय?’ कागद काहीच नाही. ठरलं होतं ते फोनवर, नाहीतर रंकाळ्यावर भेळ खाताना. लग्नाचे फोटो काढणारे, मंडळाचे फ्लेक्स डिझाइन करणारे, क्लास घेणारे, रील एडिट करून देणारे, गवंड्याच्या हाताखाली जाणारे, सगळ्यांना हे वाक्य पाठ आहे.

मीही यातनं गेलोय. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून दिलं होतं. आयोजकांचं नाव घेत नाही. निम्मे पैसे आले, निम्मे अजून ‘बघूया की’मध्ये आहेत.

पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे. त्यामुळे वसुलीचं काय करायचं ते शेवटी बोलू. आधी एक प्रश्न. तोंडी बोलीवर केलेल्या कामाचे पैसे लोक पूर्वी कसे मिळवायचे? हा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे, कारण आपली गावं शेकडो वर्षं अशाच बोलीवर चालली. त्या व्यवहाराला बलुतं म्हणत. आपल्याकडे जुनी माणसं अजून ‘बैतं’ म्हणतात.

बलुतं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतं : बारा बलुतेदार गावाची कामं करत आणि त्यांना धान्य मिळे. वाचून वाटतं, किती छान, सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. जरा आत जाऊन बघूया.

सुतार वर्षभर नांगर, कुळव, मोट यांचं लाकूडकाम करायचा. लोहार फाळाला धार लावून द्यायचा. चांभार मोटेचं कातडं, चाबूक, वहाणा बघायचा. कुंभार मडकी द्यायचा, न्हावी हजामत करायचा, परीट कपडे धुवायचा. प्रत्येक कामाला पैसे मोजले जात नसत. ‘यंदा किती वेळा धार लावली’ याचं बिल नसायचं. सुगी झाली, खळ्यावर मळणी झाली, रास पडली की बलुतेदार खळ्यावर यायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याचं धान्य नाहीतर पेंढ्या घेऊन जायचे. बारा कोण याच्या याद्या गावोगावी वेगळ्या असत. त्यांच्यात ओळी लावलेल्या असत, त्यांना ‘कास’ म्हणत. थोरल्या कासेला जास्त वाटा, धाकट्या कासेला कमी. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली आलं. त्यात हा सगळा कारभार, त्यातल्या कटकटींसकट, तपशिलानं लिहिलेला आहे. इतिहासाची आवड असेल तर जरूर मिळवून वाचा.

आता बघा, हा करार कागदावर नव्हता. मग शेतकरी हात वर का करत नसे? का म्हणत नसे, ‘धार? कुठली धार? आमची कुणी लावली नाही’?

पहिलं कारण म्हणजे जागा. हिशेब व्हायचा तो खळ्यावर, उघड्यावर, चार लोकांच्या देखत. रास किती पडली हे सगळ्यांना दिसायचं. शेजारच्या खळ्यावर सुताराला किती दिलं हेही दिसायचं. बोली तोंडी होती, पण चोरून केलेली नव्हती. अख्खं गाव साक्षीदार.

दुसरं कारण म्हणजे दिवस. पैसे ‘पुढच्या आठवड्यात’ मिळत नसत. ते सुगीत मिळत. धान्य घरात जायच्या आधी, खळ्यावरच. आज आपण ज्याला पेमेंटची तारीख म्हणतो ती पिकानं ठरवून दिलेली होती.

तिसरं कारण म्हणजे काम अडवता येणं. लोहाराला वाटा कमी पडला आणि त्यानं पेरणीच्या तोंडावर भाता बंद ठेवला, तर शेतकऱ्याची पंचाईत. हे हत्यार रोज वापरायचं नव्हतं, पण ते आहे हे दोघांनाही माहीत होतं.

या साक्षीदारीची एक सुंदर खूण जुन्या कागदांत सापडते. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, जमिनीचे वाद गावच्या आणि परगण्याच्या सभेपुढे चालत. तिला गोतसभा म्हणत. निवाडा झाला की त्याचा कागद व्हायचा, त्याचं नाव महजर. त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या लागत. पण सही करायची कुणी? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. मग प्रत्येकानं आपल्या कामाची निशाणी काढायची. पाटलाचा नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा. आपलं हत्यार हीच आपली सही. ज्यांचा स्वतःचा करार कधी कागदावर आला नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या मोठमोठ्या वादांच्या कागदांवर साक्षी घातल्या.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग जुनंच बरं होतं की! थांबा. कारण हीच व्यवस्था दोन माणसांशी दोन प्रकारे वागत होती. तो फरक दिसला की सगळा विषय उलगडतो.

एक माणूस म्हणजे ग्रामजोशी. गावात लग्न, मुंज, श्राद्ध असलं की विधी करायचा हक्क त्याच्या घराण्याचा. तो वतनी हक्क होता. एखाद्या यजमानानं त्याला न बोलावता दुसऱ्याच भटजीकडून लग्न लावून घेतलं तर काय? एकोणिसाव्या शतकात असे दावे मुंबई इलाख्यातल्या कोर्टात गेले, आणि उच्च न्यायालयानंही वतनदार जोशाचा हक्क मान्य केल्याचे निकाल आहेत. म्हणजे काम दुसऱ्यानं केलं तरी दक्षिणा याला द्यायची. सत्यशोधक मंडळी भटजीशिवाय लग्नं लावू लागली तेव्हा या हक्कावरून मोठी भांडणं झाली. शेवटी मुंबई इलाख्यात १९२६ साली कायदा झाला आणि न बोलावलेल्या जोशाला पैसे देण्याची सक्ती संपली.

दुसरा माणूस म्हणजे गावचा महार. त्याची कामं बघा. गावाचा सारा वसूल झाला की तो खजिना डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचवायचा. साहेबाचं सामान वाहायचं. लोकांना चावडीवर बोलावून आणायचं. रात्री गावाची राखण करायची. मेलेली जनावरं ओढून न्यायची. आणि दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की शीव कुठून जाते हे सांगायचं. या शेवटच्या कामात त्याच्या शब्दाला फार वजन असायचं, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कुणालाच माहीत नसायची.

या सगळ्याच्या बदल्यात काय? थोडी वतनी जमीन आणि गावाकडून बलुतं. ती जमीन एका माणसाची नव्हती, सगळ्या भावकीची होती. पिढ्या वाढल्या तसे वाटे पडत गेले आणि हातात तुकडे उरले. काम मात्र तेवढंच राहिलं, उलट वाढलं. वतन भावकीचं, म्हणून बोलावणं भावकीतल्या कुणालाही. घरातला कर्ता आजारी असेल तर पोराला जावं लागे, बाईला जावं लागे. कामाची यादी ठरलेली नाही, तास ठरलेले नाहीत, आणि ‘नाही’ म्हणायची सोय नाही.

आणि बलुतं? ते द्यायचं गावानं. एखाद्या वर्षी गाव म्हणालं, ‘यंदा पीक नाही’, किंवा ‘हल्ली तुम्ही लोक फार बोलायला लागलात, देत नाही जा’, तर मागायचं कुणाकडे? लोहाराचं एका शेतकऱ्याशी बिनसलं तर बाकीचं गाव मध्ये पडायचं. इथं पैसे थकवणाराही गाव आणि साक्षीदारही गाव. शिवेच्या भांडणात ज्याची साक्ष चालत होती, त्याची स्वतःच्या मजुरीबद्दलची तक्रार मात्र कुठंच चालत नव्हती.

लोहाराचं तिसरं हत्यार आठवा, काम अडवायचं. ते इथं उलटं फिरायचं. महार समाजानं गावकी करायला नकार दिला की गाव बहिष्कार टाकायचं : दुकानातून माल नाही, वाटेनं जाणं नाही, शेतात मजुरी नाही. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये आला, त्यात अशा बहिष्काराची दखल घेतलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. बोलीवरचं काम आणि वेठबिगार यांच्यातला फरक कागदाचा नाही. दोन्हीत कागद नसतो. फरक हा, की पैसे मिळाले नाहीत तर काम थांबवून घरी जाता येतं का. लोहाराला काही प्रमाणात येत होतं. महाराला येत नव्हतं. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याच्याशी केलेली बोली ही बोली राहत नाही, ती वेठ होते.

आता या गोष्टीत आपलं कोल्हापूर येतं.

शाहू महाराजांच्या हाती कारभार आला १८९४ साली. १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा आपण सगळे ऐकून आहोत. १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णयही माहीत असतो. त्या मानानं १९१८ साल कमी बोललं जातं. त्या वर्षी महाराजांनी संस्थानात महार वतन बंद केलं. वतनाच्या जमिनी रयतावा केल्या, म्हणजे ज्याच्या वाट्याला जमीन आहे त्याच्या नावावर ती साध्या रयतेसारखी लागली. सारा भरायचा, जमीन कसायची, आणि जमिनीच्या बदल्यात गावकी करायची अट गेली. त्याच वर्षी कुलकर्णी वतनही गेलं आणि त्या जागी पगारी तलाठी आले. पुढं १९२० मध्ये वेठबिगारीलाही संस्थानात बंदी झाली.

यातलं खरं पाऊल ओळखा. ‘बलुतं वेळेवर देत जा रे’ असा उपदेश महाराज गावाला करू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी जमीन आणि काम यांची गाठ सोडली. म्हणजे माणसाला पहिल्यांदा ‘हे काम मी करणार नाही’ म्हणता येईल अशी जागा करून दिली. पोटापुरती जमीन हातात ठेवून नाही म्हणता येणं, हे पैसे मागण्याच्या आधीचं पाऊल आहे. आणि कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आणला, तिथं काम कोणतं, पगार किती, देणार कोण, हे सगळं ठरलेलं.

कोल्हापूरबाहेर, ब्रिटिश मुलखात, हे काम बाकी होतं. तिथं १८७४ चा वतन कायदा चालू होता. माणगाव आपल्याला माहीत आहे. मार्च १९२० मध्ये तिथं परिषद झाली, शाहू महाराज आले आणि तरुण आंबेडकरांना त्यांनी लोकांचा पुढारी म्हणून गौरवलं. आठ वर्षांनी, १९२८ मध्ये, त्याच आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्याचा गाभा आजच्या भाषेत सांगतो. बलुतं धान्यात, गावाच्या मर्जीवर नको. त्याचे पैसे ठरवा, ते साऱ्याबरोबर सरकारनं वसूल करावेत आणि सरकारनं काम करणाऱ्याला द्यावेत. कामं कोणती ते ठरवून द्या. आणि ज्याला वतनाची चाकरी नको असेल, त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखत मोकळं होऊ द्या.

एका अर्थशास्त्र शिकलेल्या वकिलानं केलेलं हे निदान आहे. पैसे बुडतात कारण देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, तर त्यांच्यामध्ये तिसरा आणा. विधेयक टिकलं नाही. त्यात नकोसे बदल होत गेल्यावर १९२९ मध्ये त्यांनी ते मागं घेतलं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. म्हणजे आपल्या संस्थानानं जे १९१८ ला केलं, ते बाकी मुलखात व्हायला ४० वर्षं लागली.

मंडळी, एवढं झाल्यावर बोलीवरचं काम संपलं का? आपल्याच शिवारात उसाच्या फडात जाऊन बघा.

उसात दोन माणसांचे पैसे अडकलेले असतात. शेतकऱ्याचे आणि तोडणी मजुराचे. शेतकऱ्यासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखाने ते नेहमी पाळतात असं नाही, म्हणूनच तर जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद भरते आणि शिरोळ-हातकणंगल्यात चक्काजाम होतात. पण शेतकऱ्याच्या हातात एक आकडा आहे, एक तारीख आहे आणि मागे संघटना आहे.

तोच ऊस तोडणारं जोडपं, म्हणजे एक ‘कोयता’, बीडकडून किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यातनं येतं. त्यांची बोली मुकादमाशी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घ्यायची आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची. किती टन तोडले, किती कापले गेले, किती शिल्लक राहिले, हा हिशेब बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीत. इथं पैसे आधी मिळतात, म्हणून वरवर वाटतं की मजूर फायद्यात आहे. पण मघाची कसोटी लावा. हंगामाच्या मध्यावर त्या जोडप्याला ‘आम्ही चाललो’ म्हणता येतं का? उचल फिटेपर्यंत नाही. कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवायला आपल्या देशात १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी दर हंगामात उचलीवरून मारहाणीच्या, डांबून ठेवल्याच्या बातम्या येतातच, आणि दुसऱ्या बाजूनं उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून बुडालेल्या वाहनमालकांच्याही येतात. कागद नसला की फसगत दोन्हीकडून होते. पण फसलेल्या वाहनमालकाला पोलीस ठाण्याची पायरी चढता येते. परक्या जिल्ह्यात, फडाशेजारच्या खोपीत, लहान पोरं घेऊन राहिलेल्या बाईला ते तेवढं सोपं नसतं.

आता तुमच्या-माझ्याकडे येऊ. फोटो, रील, फ्लेक्स, क्लास, रंगकाम.

पहिली गोष्ट, ‘लिहून घेतलं नव्हतं, म्हणजे आता काही करता येणार नाही’ हा समज चुकीचा आहे. आपला करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्यात साध्या कामाची तोंडी बोलीसुद्धा करार धरली जाते. प्रश्न उरतो सिद्ध करण्याचा. शिवाय त्याच कायद्यात कलम ७० आहे. त्याचा मतलब असा : तुम्ही कायदेशीरपणे कुणासाठी काही केलं, फुकट करायचा तुमचा इरादा नव्हता, आणि समोरच्यानं त्याचा फायदा घेतला, तर त्यानं त्याची भरपाई करायला पाहिजे. कायद्यातच उदाहरण दिलंय. एका व्यापाऱ्यानं चुकून माल दुसऱ्याच्या घरी ठेवला आणि त्या माणसानं तो आपलाच समजून वापरला, तर पैसे द्यायचे. लगेच दुसरंही उदाहरण आहे. आगीतून कुणाची मालमत्ता वाचवली, पण परिस्थितीवरून दिसतं की ती माणुसकीनं वाचवली, तर त्याचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून ‘दोस्तीत करतोय’ आणि ‘धंदा म्हणून करतोय’ यातलं काय ते कामाच्या आधी बोलून टाका.

दुसरी गोष्ट, मुदत. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर काम झाल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्या मुदतीत देणाऱ्यानं सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत नव्यानं मोजली जाते. ‘बघूया की’ ऐकत तीन वर्षं घालवू नका.

तिसरी गोष्ट, आपलं खळं आता मोबाईलमध्ये आहे. फोनवर ठरलं की लगेच एक मेसेज टाका : ‘दादा, आत्ता बोललो त्याप्रमाणे शनिवारपर्यंत दोन व्हिडिओ, एवढे रुपये, काम दिल्यावर आठ दिवसांत.’ समोरून ‘हो’ किंवा नुसता अंगठा आला तरी नंतर उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालतो, त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, एवढंच. चॅट उडवू नका, फोन बदलला तर बॅकअप घ्या, ॲडव्हान्स रोख न घेता खात्यावर घ्या. आणि शक्य असेल तर बोलताना तिसरा माणूस सोबत असू द्या.

एवढं करूनही पैसे अडलेच, तर वकिलाची नोटीस हा पुढचा टप्पा. रक्कम लहान असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल व्हायच्या आधीही तिथं तडजोडीसाठी अर्ज करता येतो, लोकअदालतीला कोर्ट फी नसते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतंय. आपली बाकी त्या पायरीपर्यंत जायची गरज पडू नये, पण जिल्ह्यातल्या माणसाला न्यायासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, ही गोष्ट छोटी नाही.

शेवटचं एक. हे ऐकणाऱ्यांत काम देणारेही असतील. मंडळाचे अध्यक्ष असतील, दुकानदार असतील, घराचं बांधकाम काढलेले असतील. तुमच्याकडे राबणाऱ्याला काम सोडून जाता येतंय म्हणून तुम्ही वेळेवर देत असाल, तर तो व्यवहार झाला. पण ज्याला जाता येत नाही, ज्याची उचल तुमच्याकडे आहे, ज्याची खोली तुमच्या आवारात आहे, त्याचा हिशेब आज संध्याकाळी, त्याच्या घरच्या माणसासमोर बसून करा. आकडा त्याला वाचून दाखवा आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात ठेवा.

तुमच्या गावात बैतं कधीपर्यंत चालू होतं, आजीला-आजोबांना विचारा. खळ्यावर कुणाला किती मिळायचं, कुणाला मिळायचं नाही, तेही विचारा. उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.